फँटसीतल्या पात्रांची नावं तुम्ही मनात कशी वाचता? (आणि मोठ्याने म्हणायची वेळ आली की काय करता?)

पानगळ
तर प्रश्न साधा आहे. फँटसी वाचताना अशी नावं येतात की स्पेलिंग बघूनच जीभ टाळ्याला चिकटते, अशा वेळी तुम्ही मनातल्या मनात नेमकं काय म्हणता? पूर्ण नाव उच्चारता, की नुसतं डोळ्यांनी बघून पुढे सटकता, की सरळ आपल्या सोयीने बारसं उरकून टाकता?

विचारायचं कारण म्हणजे इथला तो 'गेम ऑफ थ्रोन्स' या ड्रॅगनवाल्या मालिकेचा धागा. त्यात एकाच राणीला लोकांनी डेनेरिस, डॅनेरिस, दानेरीस, डायनेरिस आणि एकाने तर चक्क धनेरीस करून ठेवलंय आणि प्रत्येक जण आपलंच बरोबर असल्याच्या थाटात. इंग्रजीत चर्चा करणाऱ्यांचं बरं असतं, स्पेलिंग टाइप केलं की झालं, मनात काय वाजतंय ते कुणालाच कळत नाही, झाकली मूठ. आपण देवनागरीत लिहायला बसलो की पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, ऱ्हस्व की दीर्घ, ड की द, क की स. लपायला जागाच नाही. इथली बरीच परीक्षणं 'ती राणी', 'तो पांढऱ्या केसांचा', 'त्याचा तो मित्र' अशी गोलगोल असतात ती यामुळेच, असा माझा दाट संशय आहे :)

माझं मत आधीच सांगते. लेखकाने नियम दिला असेल तर तो पाळावा, दिला नसेल तर आपल्या कानाला बरं वाटेल ते.

बोका_काळा
मी नाव वाचतच नाही. पहिलं अक्षर आणि लांबी बघतो, म्हणजे 'न वालं लांब नाव' आणि 'म वालं लांब नाव'. अख्खी मालिका अशीच निघते, काही अडत नाही. अडतं कधी, तर एकाच अक्षराची दोन नावं आली की. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मधले साउरॉन आणि सारुमान! दोघंही दुष्ट, दोघांचाही मनोऱ्याशी संबंध, आणि दोघांच्या नावात एस-आर-एन. हे असं करताना त्या भल्या माणसाला कुणी अडवलं नाही का?

निशाचर
@बोका, तुमच्यासारख्या लोकांची काळजी एका सिनेमावाल्याने केली होती की. १९७८ चा जो राल्फ बाक्षीचा ॲनिमेशनपट आहे त्यात घोटाळा नको म्हणून सारुमानला 'आरुमान' म्हणतात. पण तेही धड नाही, काही प्रसंगांत आरुमान आणि काही प्रसंगांत परत सारुमान. म्हणजे दोन दुष्टांचे तीन झाले.

बोका_काळा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

अर्धमात्रा
धाग्याचा विषय निघालाच आहे तर जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

टोल्कीनने (हो, दीर्घ 'की', तो स्वतः आपलं नाव तसंच म्हणायचा) 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' च्या तिसऱ्या खंडाच्या शेवटी, १९५५ साली, एक अख्खं परिशिष्टच उच्चारांना वाहिलंय. त्यातले नियम फार कडक आहेत पण गंमत अशी की ते आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपे जातात. सी हे अक्षर कायम क. त्यामुळे सेलेबॉर्न नाही, केलेबॉर्न. सिरिथ नाही, किरिथ उंगोल. ए-यू म्हणजे आउ, म्हणून साउरॉन, सॉरॉन नव्हे. आर कुठेही आला तरी खणखणीत र, जो इंग्रज लोक शब्दाच्या शेवटी गिळतात आणि आपण कधीच गिळत नाही. शेवटी दोन टिंबं डोक्यावर घेतलेला ई असला तर तो मुका नाही, म्हणून मान्वे, फिन्वे.

आता खरी मजा एच मध्ये. डी-एच दिसलं की आपला हात आपोआप ध वर जातो, काराध्रस, माएध्रोस वगैरे. पण त्याला हवा होता इंग्रजी 'दिस', 'दॅट' मधला आवाज. म्हणजे आपल्या लिपीत काराद्रस हे काराध्रसपेक्षा जवळचं. आणि याच्या बरोबर उलट बुटक्यांच्या भाषेत. तिथे के-एच म्हणजे क ला चिकटून ह, असं त्याने स्वच्छ लिहिलंय आणि इंग्रज वाचकाला ते समजावं म्हणून बिचाऱ्याला 'बॅकहँड' या शब्दातला मधला जोड उदाहरण म्हणून द्यावा लागलाय! म्हणजे काय, तर ख. आपला रोजचा ख. खझाद-डूम म्हणताना मराठी वाचक काहीही कष्ट न करता बुटक्यांसारखा बोलतो. ऑर्कांच्या भाषेत मात्र तोच के-एच घशातून घासत येतो, तो वेगळा.

अजून एक. नावात जोर कुठे द्यायचा याचाही नियम आहे, आणि तो वाचला तेव्हा मला हे कुठेतरी शिकलोय असं वाटायला लागलं. शेवटून दुसरं अक्षर जड असेल तर जोर तिथे, हलकं असेल तर एक घर मागे. जड म्हणजे काय, तर दीर्घ स्वर, किंवा जोडस्वर, किंवा ज्याच्यापुढे दोन व्यंजनं येतात ते. लघु-गुरू हो! इसिल्डुर मध्ये 'सि' च्या पुढे ल्ड आहे म्हणून ते गुरू, जोर मधे. डेनेथॉर मध्ये 'ने' लघु, म्हणून जोर मागे सरकून 'डे' वर. शाळेत वृत्तं पाडली असतील त्याला हे दोन मिनिटांत येतं.

तिरकस
मास्तर, इसिल्डुरचे गण पाडून दाखवायचेत का आता? य म त र ज भ न स ल ग?

विनोद सोडा, पण मला हा प्रकारच पटत नाही. कादंबरी वाचायची आहे की परीक्षेला बसायचंय? माणसाने हजार पानं एका पात्राबरोबर काढली, त्याच्या मनात त्या पात्राचा एक आवाज तयार झाला, आणि मग शेवटी परिशिष्ट येऊन सांगणार की तुझा मित्र तुझा मित्र नाहीच, त्याचं नाव वेगळंच आहे. पुस्तक विकत घेतलं की नाव माझं. मी सेलेबॉर्नच म्हणणार. सेलेबॉर्न कानाला चांदीसारखं वाटतं, केलेबॉर्न म्हटलं की भांडं पडल्यासारखं.

अर्धमात्रा
@तिरकस, चांदीचा मुद्दा तुम्हीच काढलात म्हणून बोलतो, त्या नावातलं 'केलेब' म्हणजेच चांदी :) त्याच्या भाषेतला शब्दच आहे तो. नाव तुटलं की अर्थ पण तुटतो. नुसतं ऐकायला छान म्हणून अक्षरं फेकलेली नाहीत तिथे. स्माउगचं बघा, ड्रॅगनचं नाव त्याने भोकातून घुसण्याच्या एका जुन्या जर्मानिक क्रियापदावरून पाडलं आणि स्वतःच एका पत्रात त्याला भाषाशास्त्रातला हलका विनोद म्हटलंय. स्मॉग म्हटलं की नुसता धूर उरतो.

तिरकस
टोल्कीन हा प्राध्यापक होता, त्याने आधी भाषा बनवल्या आणि मग कथा. तो अपवाद झाला. बाकी नव्वद टक्के लेखक कीबोर्डवर मांजर चालवतात आणि मधे एक अवतरणचिन्ह टाकतात. तिथे कसला आलाय नियम?

आणि लेखकांनाच हे मान्य असतं कधीकधी. ब्रँडन सँडरसनचा केल्सिअर घ्या. तो स्वतः सांगतो की त्या जगातली माणसं त्याला फ्रेंच वळणाने 'केल्सिए' म्हणत असणार, पण मी आपला केल्सिअरच म्हणतो, आणि वाचकांनी हवं ते म्हणावं. हा खरा दिलदार माणूस.

निशाचर
अवतरणचिन्हांवरून आठवलं, सगळीच उगाच नसतात. ॲन मॅकॅफ्रीच्या पर्नच्या पुस्तकांत (१९६८ पासून) एखाद्या मुलाची ड्रॅगनशी जोडी जमली की मान म्हणून त्याचं नाव आखूड होतं आणि जिथून अक्षरं गळाली तिथे ते चिन्ह. एफ'लार, एफ'नोर, एन'टन. म्हणजे नाव तोंडात अडखळतं ते मुद्दाम, माणूस ड्रॅगनस्वार आहे हे नावावरूनच कळतं. त्याला मी फ्लार म्हणतो, झटक्यात. बाकी जिथे तिथे शिंपडतात ते लोक... जाऊ दे.

पण माझा खरा राग 'व्हील ऑफ टाइम' वर आहे. त्यात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी उच्चारांसकट शब्दसूची आहे. शेवटी!! सातशे-आठशे पानं मी त्या पोरीला मनातल्या मनात नायनाएव्ह, निनाव्ह, नायनेव्ह असं सगळं म्हणून झाल्यावर शेवटच्या पानांवर कळतं की ती नाय-नीव्ह आहे. वरातीमागून घोडं. मोइरेन नाही, म्वारेन. सिउआन नाही, स्वान. एस सेडाई नाही, आय्झ सेडाय. अहो मग हे पहिल्या पानावर छापायला काय झालं होतं?

कासवगती
@निशाचर, पहिल्या पानावर छापलं असतं तर वाचलं असतंत का? खरं सांगा. नकाशा बघतो आपण, तोसुद्धा उगाच कौतुकाने, उच्चारांची यादी कोण बघतंय.

मी हल्ली सगळं ऑडिओबुकवर ऐकते त्यामुळे हा प्रश्न सुटला असं वाटलं होतं, पण कसलं काय. ज्या मालिकेचं तुम्ही बोलताय ती मायकल क्रेमर आणि केट रीडिंग असे दोघं मिळून वाचतात, पुरुष पात्रांच्या नजरेतली प्रकरणं तो आणि बायकांच्या नजरेतली ती. सुरुवातीच्या पुस्तकांत काही नावं दोघं वेगवेगळी म्हणतात. आणि हे दोघं नवराबायको आहेत! एका घरात एकमत नाही तर आपण इथे कशाला डोकं फोडायचं.

रॉय डोट्रिसचा किस्सा तर त्याहून भारी. 'गेम ऑफ थ्रोन्स' च्या ऑडिओबुकात एकट्याने २२४ पात्रांना आवाज दिले म्हणून गिनीजमध्ये नाव लागलं त्यांचं, पण पुढच्या खंडांत ओळखीच्या पात्रांची नावंच बदलली. वर्षानुवर्षांनी पुढचा खंड ऐकायला घेतला की ही कोण नवीन बाई आली असं वाटतं, मग दोन वाक्यांनी कळतं की अरे ही तर आपलीच.

चांदणचुरा
वाचक म्हणून काहीही चालतं हो, पण मोठ्याने वाचून दाखवायला घ्या एकदा. मी भाचीला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवते. डोळ्यांनी वाचताना ज्यावरून आपण घसरत पुढे जातो ते प्रत्येक नाव तिथे उभं राहून वाट अडवतं. आणि मुलांचे कान म्हणजे तिखट. काल ग्लॉइन म्हटलं आणि आज ग्लो-इन म्हटलं की लगेच गादीवर उठून बसते, "मावशी हा वेगळा आहे का?" मग वाक्य परत पहिल्यापासून, कालच्याच उच्चारात.

'हॉबिट' त्या बाबतीत वाचायला फार बरं आहे. फीली-कीली, बिफुर-बोफुर-बोंबुर, बालिन-ड्वालिन, सगळी जोड्याजोड्यांनी. बहुतेक नावं मुळात एका जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललीत पण ती निवडताना कानाने निवडलीत हे कळतं. पुस्तक १९३७ साली छापलं जायच्या आधी घरात पोरांना सांगून झालं होतं, त्याचा हा परिणाम असणार.

पानगळ
@चांदणचुरा, हे अगदी बरोबर. कुणीतरी ऐकणारं असलं की उच्चार ही आपली खाजगी गोष्ट राहत नाही. मला वाटतं तिरकस यांचा 'नाव माझं' हा मुद्दा पुस्तक मिटेपर्यंत ठीक आहे. ज्या क्षणी दुसऱ्याशी त्या पात्राबद्दल बोलायचं, त्या क्षणी दोघांचं एक नाव लागतं.

रच्याकने (जाता जाता), 'हॅरी पॉटर' मधल्या हर्मायनीचं कुणी अजून काढलं नाही? इतकी वर्षं जगभरच्या पोरांनी त्या नावाचे हाल केले की चौथ्या पुस्तकात (२०००) बाईंनी तिच्याच तोंडून त्या परदेशी खेळाडूला तुकड्या-तुकड्यांनी नाव शिकवलंय, हर्-माय-ओ-नी. त्याला शेवटपर्यंत जमत नाही ते नाहीच. मला हा इलाज कुठल्याही परिशिष्टापेक्षा आवडतो, गोष्ट न थांबवता काम झालं. आणि नाव काही बनवलेलं नाही, ग्रीक पुराणात हेलनच्या मुलीचं आहे, शेक्सपिअरच्या एका नाटकात राणीचं आहे.

कासवगती
आणि वोल्डेमॉर? लेखिकेच्या मते शेवटचा ट मुका आहे, फ्रेंचसारखा. सुरुवातीच्या अमेरिकन ऑडिओबुकांत जिम डेल तसंच म्हणायचे. मग २००१ मध्ये सिनेमा आला, त्यात सगळे ट वाजवायला लागले आणि डेलसाहेबांनीही मुकाट ट लावला. म्हणजे लेखकाचा उच्चार एकीकडे आणि पडद्याचा एकीकडे असेल तर कोण जिंकतं ते बघा.

अर्धमात्रा
पडदाच. 'गेम ऑफ थ्रोन्स' मधल्या त्या राणीच्या 'खालीसी' या बिरुदाचं तेच झालं. डेव्हिड पीटरसनने मालिकेसाठी डोथ्राकी भाषा रीतसर रचून दिली, त्या भाषेच्या हिशेबाने तो शब्द खा-ले-सी असा, जोर पहिल्या अक्षरावर. पडद्यावर कलीसी झालं आणि तेच जगाने उचललं. भाषा ज्याने बनवली त्याचंच कुणी ऐकलं नाही.

तिरकस
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. भाषा बनवणारा हरला, लेखिका हरली, जिंकला तो ज्याच्या तोंडी नाव होतं तो.

आणि पानगळताई, तुमच्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो, रागावू नका. देवनागरीत लपायला जागा नाही म्हणता ना? मग हे सांगा, त्या परीकथावाल्या मालिकेतला तो पंखवाला अझ्रिएल, त्यातला झ कुठला? झेंड्यातला की माझातला? खझाद मधला? आणि कुठल्याही नावातला च, तो चमच्यातला की चहातला? आपली लिपी पण झाकली मूठच आहे की. वाचणाऱ्याला आधी माहीत असेल तरच बरोबर वाचेल.

पानगळ
हे मात्र आवडलं. च, ज, झ तिन्ही दुतोंडी, मान्य. इंग्रजी झेडसाठी झ लिहिला की तो माझातला समजायचा एवढा संकेत आपण सगळ्यांनी न बोलता पाळलाय, पण एखाद्या लेखकाने खरोखरच झेंड्यातला झ असलेलं नाव काढलं तर लिहिणार कसं देव जाणे.

तरी पण दहा बुरख्यांऐवजी दोनच उरतात, हेही नसे थोडके.

बोका_काळा
मग ज्याचा उच्चार करताच येऊ नये अशीच योजना आहे त्याचं काय? क्थुलू!

निशाचर
भयकथाकार लव्हक्राफ्टने ते मुद्दामच केलंय. १९२८ ची कथा. त्याने पत्रातून स्पष्ट लिहिलं होतं की हे नाव माणसाच्या घशासाठी नाहीच, माणसाने जमेल तेवढं जवळ जावं. त्याने स्वतः दिलेला उच्चार वाचला तर खाकरल्यासारखा काहीतरी ख्लुल्-ह्लू निघतो. त्यामुळे इथे सगळेच सारखे चूक, भांडण मिटलं.

कासवगती
एक वेगळा प्रकार राहिला. बनवलेली नावं नाहीत, खऱ्या भाषांतली उचललेली. हल्ली आयरिश आणि वेल्श नावांची फार चलती आहे. एन-आय-ए-एम-एच हे नीव्ह आहे, निआम्ह नाही. एस-आय-ओ-बी-एच-ए-एन हे शिवॉन. वेल्शमध्ये दोन डी म्हणजे 'दॅट' मधला द, एकटा एफ म्हणजे व्ह आणि डब्ल्यू हा चक्क स्वर, उ. इथे मला तिरकस यांचं 'मी म्हणेन ते' चालत नाही. ही जिवंत माणसांची नावं आहेत, रोज कुणीतरी कुणाला त्या नावाने जेवायला हाक मारतंय. आपल्या 'बाळकृष्ण' मधला ळ कुणी पुस्तक विकत घेतलंय म्हणून हवा तसा फिरवला तर आपल्याला कसं वाटेल?

तिरकस
हे पटलं. माझं म्हणणं फक्त मांजर चाललेल्या नावांपुरतं.

अर्धमात्रा
त्या दोन्हींच्या मधली पण असतात. अर्सुला ले ग्विनचा गेड. स्पेलिंग तीन अक्षरांचं आणि तरी निम्मे लोक जेड म्हणतात. बाईंनी सांगितलंय की ग, कठीण ग. आणि हे त्या मालिकेत, जिथे अख्खी जादूच खऱ्या नावावर चालते, ज्याला तुमचं खरं नाव कळलं त्याच्या हातात तुम्ही सापडलात. जेड म्हणणाऱ्या वाचकांपासून तो कायमचा सुरक्षित.

बोका_काळा
म्हणजे मी 'ग वालं छोटं नाव' म्हणतो ते सगळ्यात सुरक्षित.

चांदणचुरा
बरं आता एक खरीखुरी अडचण. सारा मासच्या 'थ्रोन ऑफ ग्लास' चं परीक्षण लिहायला घेतलंय. नायिका सी-ई-एल-ए-ई-एन-ए. अर्धमात्रांचा नियम लावला तर केलाएना होते. आणि तो रक्षकांचा कप्तान, सी-एच-ए-ओ-एल. चाओल? शाओल? खाओल?

अर्धमात्रा
माझा नियम फक्त टोल्कीनच्या घरात. दुसऱ्याच्या घरात दुसरे नियम. ती सेलेना, मधला 'ले' लांबवायचा.

निशाचर
कप्तान के-ऑल. लेखिकेनेच सांगितलंय.

चांदणचुरा
के-ऑल??? मी चार पुस्तकं त्याला चाओल म्हणत आलेय, अन् चाओल किती शोभतं त्याला. के-ऑल म्हणजे कसलं तरी मलम वाटतं. नाही जमणार.

तिरकस
या ताई, आमच्या पक्षात स्वागत आहे.

पानगळ
परीक्षणात पहिल्यांदा नाव येईल तिथे 'केऑल' लिहा आणि शेजारी मूळ स्पेलिंग रोमनमध्ये टाका, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल आणि के-ऑलवाले भांडायला येणार नाहीत. त्याच्यापुढे हवं तर 'कप्तान' म्हणा शेवटपर्यंत.

चांदणचुरा
कप्तान. ठरलं. उद्या टाकते.